सात पॉइंट एक

मगदूम सर क्यानचं झाकण उचलत तेव्हा आधी दुधाकडे बघत नसत. झाकण उलटं करून त्याच्या आतल्या बाजूला नाक लावत. उघड्या दुधाचा वास वाऱ्यावर जातो, झाकणाखाली मात्र गावापासून डेअरीपर्यंतचा सगळा वास कोंडून राहतो, असं त्यांचं म्हणणं. सकाळच्या पाळीला अशी शेकडो झाकणं उचलायची असत. त्यासाठी उठल्यापासून शेवटचा टेम्पो रिकामा होईपर्यंत ते चहाला शिवत नसत. तंबाखू-सुपारीचा तर प्रश्नच नव्हता. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, अर्ध्या बाह्यांचा खाकी शर्ट, खिशात खडूचा तुकडा आणि पीएच कागदाचं चिमुकलं पुस्तक. हुंगून झालं की क्यानवर रेघ ओढायचे. उभी रेघ म्हणजे घ्या, आडवी म्हणजे बाजूला ठेवा. आडवी रेघ पडली की टेम्पोवाल्याचा चेहरा उतरायचा, पण तो वाद घालत नसे. मगदूम केमिस्टनं बाजूला काढलं म्हणजे दुधात काहीतरी आहेच, हे पंचक्रोशीत सगळ्यांनी मान्य केलं होतं.

हे मान्य असणंच पुढे एका बाईच्या मुळावर आलं. ते मी जवळून पाहिलं. त्या दिवशीचा आकडा वहीत लिहिला तोही मीच. त्यामुळे सरांबद्दल लिहायचं म्हणून बऱ्याचदा बसले आणि बऱ्याचदा उठले. डेअरीचं आणि त्या गावाचं नाव मी इथे लिहीत नाही. माणसं अजून आहेत.

नव्वदच्या दशकाच्या मध्यावर मी या डेअरीच्या प्रयोगशाळेत रुजू झाले. आमच्या घरात मी पहिली पदवीधर. आई आजऱ्याला काजूच्या कारखान्यात काजू फोडायची. बीएस्सीला रसायनशास्त्र घेतलं होतं, मार्कही बरे होते. उचगावात एका घराच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायची सोय झाली होती. पहिल्या दिवशी सरांनी माझी गुणपत्रिका पाहिली आणि विचारलं, "पीएच म्हंजे काय गं?"

मी कॉलेजात पाठ केलेलं घडाघडा म्हणून दाखवलं. हायड्रोजन आयनच्या संहतीच्या लॉगॅरिदमची ऋण किंमत.

"म्हंजे काय?"

मी तेच वाक्य पुन्हा म्हणाले. सर हसले नाहीत. माझं नाव विचारण्याऐवजी गाव विचारलं, आणि त्या दिवसापासून मी त्यांच्यासाठी 'आजरेकर' झाले.

दुपारी टेम्पो संपल्यावर त्यांनी सहा परीक्षानळ्या खिडकीत ओळीने लावल्या. पहिल्या नळीत आम्ल. त्यातलं एक माप घेऊन नऊ मापं पाण्यात, ती दुसरी नळी. दुसरीतलं एक माप पुन्हा नऊ मापं पाण्यात, ती तिसरी. असं सहाव्या नळीपर्यंत माझ्याच हातून करून घेतलं. मग प्रत्येक नळीचा पीएच मोजायला लावला. एक, दोन, तीन, चार. दर नळीला आकडा एकाने चढत गेला.

"आता सांग. आकडा किती बदलला?"

"एक."

"आणि आम्ल किती कमी झालं?"

मी खिडकीकडे बघत राहिले. दहापट. दर पायरीला दहापट. कॉलेजात तीन वर्षं मी जे लिहून मार्क मिळवले होते, ते मला त्या खिडकीत पहिल्यांदा समजलं.

"वहीत सहाच्या जागी सात लिवलंस तर एकाची चूक न्हवं, धापटीची," ते म्हणाले. मग सहावी नळी वर धरून विचारलं, "ह्यात आम्ल हाय का न्हाय?"

मी म्हटलं, आता कुठलं असणार.

"हाय की. तुला दिसंना म्हणून न्हाय म्हणतीस व्हय?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी एका चंचुपात्रात पाणी आणि एकात दूध घेतलं आणि दोन्हींत लिंबाचा रस थेंब थेंब सोडायला सांगितलं. पाण्याचा आकडा दोन थेंबांतच घसरला. दुधाचा जागेवरच. पाच थेंब, दहा थेंब, आकडा जेमतेम हलतोय. पुढे मात्र तो उतरायला लागला आणि बघता बघता दूध फाटलं. "पाणी लगीच बोंब मारतं," सर म्हणाले. "दूध सोसत ऱ्हातं. म्हणून दुधाच्या आकड्यातला बारका फरक बी लई मोठा समजायचा."

सर मूळचे सीमेकडच्या गावचे, घरात कानडी. माणसांशी मराठी बोलत, पण थेंब मोजताना हटकून कानडीत जात. ब्युरेटच्या तोटीला बोट लावून ओंदु, एरडु, मूरु असं पुटपुटत मोजणारे सर मला अजून दिसतात. मध्येच कुणी हाक मारली तर ओ देत नसत. वीस-पंचवीस थेंबांचा हिशेब चुकला तर पुन्हा पहिल्यापासून. पीएच मीटरची काचेची नळी रोज सकाळी ते स्वतः धूत, ओळखीच्या दोन द्रावणांत बुडवून मीटर नीट करून घेत आणि वर स्वतःचा धुतलेला रुमाल झाकत. त्याला ते 'आंघोळ' म्हणत. मीटरची आंघोळ झाल्याशिवाय एकही आकडा लिहायचा नाही.

खिशातल्या कागदाच्या पुस्तकाने मात्र सगळ्यांना वैताग आणला होता. विहिरीचं पाणी, चिंचेचा कोळ, साबणाचा फेस, जे दिसेल त्यात सर कागदाची पट्टी बुडवत. स्वतः शाकाहारी, तरी एकदा कँटीनच्या तांबड्या रश्श्यात पट्टी बुडवली. तिखटाच्या रंगाने पट्टीच लाल झाली, आकडा काही कळेना, तर आचाऱ्यालाच रागावले. आचारी म्हणाला, "सायेब, रश्श्याचा पीएच जिभंवर कळतोय. तुमी खात न्हाईसा त्येला मी काय करू?" त्यावर सगळं कँटीन हसलं. सरही हसले असावेत, कारण पाठ फिरवून उभे राहिले.

माझी आई काजू फोडायला बसताना हाताला राख चोळते, असं मी एकदा बोलता बोलता सांगितलं. सालीतलं आम्लधर्मी तेल अंगावर उतरलं की कातडी भाजून काळी पडते. सर हातातलं काम थांबवून ऐकत राहिले. म्हणाले, "राखंचा पीएच धाच्या वर असतोय. तुझ्या आयला पीएच तुझ्याआधी ठाव हाय. गावाकडं गेलीस की सांग तिला." मी सांगितलं. आईने तो शब्द दोनदा म्हणून पाहिला आणि सोडून दिला. पण साहेब माझ्याबद्दल बोलले, हे ती पुढे कितीतरी दिवस शेजारणींना सांगत होती.

आता सोड्याचं सांगायला हवं. दूध आंबायला लागलं की डेअरी ते परत पाठवते. म्हणून काही जण त्यात चिमूटभर खायचा सोडा टाकतात. सोडा अल्क, तो आंबटपणा मारतो आणि दूध वरवर ताजं वाटतं. ताज्या म्हशीच्या दुधाचा पीएच सहा पॉइंट सातच्या आसपास असतो. सोडा पडला की तो सातापलीकडे जातो. ते पकडायला रोझॅलिक नावाच्या रसायनाचे चार थेंब पुरतात. चांगलं दूध पिवळट-विटकरी होतं, सोड्याचं दूध गुलाबी. साडीवरच्या हळदीच्या डागाला साबण लागला की तो लाल होतो, त्यातलाच हा प्रकार.

एका गावच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी, चांगला वजनदार माणूस, गुलाबी झालेली नळी बघूनही सरांशी हुज्जत घालत होता. हवेतनं पडला असंल सोडा, असं तो म्हणाला. सर शांतपणे म्हणाले, "पावणं, हवेतनं पडला असता तर शेजारच्या क्यानमधी बी पडला असता की. का तुमच्या क्यानवरच वेगळं आभाळ हाय?" त्या सेक्रेटरीने वरून फोन आणला. सरांनी फोन ऐकून घेतला, हो हो म्हणाले, आणि क्यानवरची आडवी रेघ काही पुसली नाही.

असा हा माणूस. त्यांनी धरलेलं दूध कधी निर्दोष निघालं, असं माझ्या पहिल्या चार वर्षांत एकदाही झालं नव्हतं.

माझ्या पाचव्या उन्हाळ्यात एका लहान गावाहून येणारं अर्धं क्यान रोज गुलाबी पडायला लागलं. गावातून दोन क्यान भरून यायची आणि रांगेतल्या शेवटच्या दोन-तीन घरांचं दूध तिसऱ्या क्यानमध्ये पडायचं. भरलेली दोन्ही क्यान चांगली, अर्धं खराब. तीन दिवस बघून चौथ्या दिवशी सर मला घेऊन डेअरीच्या जीपने त्या गावात गेले. पुढे आणखी दोन गावं करायची होती.

आम्ही पोचलो तेव्हा दूध घालायला रांग लागली होती. सरांनी प्रत्येकाच्या भांड्यातून नमुना घ्यायला सुरुवात केली. शेवटून दुसऱ्या हौसाबाई होत्या. चाळिशीच्या, उन्हाने रापलेल्या. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर, घरी दोन म्हशी. एक गाभण, दुभती एकच. त्यांच्या दुधात थेंब पडले आणि नळी गुलाबी झाली.

सर बायकांना नेहमी 'अक्का' म्हणायचे, कानडीतली थोरली बहीण. त्या वेळी म्हणाले नाहीत. सोडा कधी घातला, एवढंच त्यांनी विचारलं.

हौसाबाई म्हणाल्या, "म्या कशाला सोडा घालू? हप्ता झाला, दूधच खारट लागाय लागलंय. पोरगं तोंड लावंना. हितं बी मी सांगितलंतं."

रांगेतून एक जण म्हणाला, "सोडा घातल्यावर खारटच लागणार की गं."

सगळे हसले. खारट शब्द मीही ऐकला होता आणि वहीत नमुन्याच्या नोंदीपुढे लिहूनही ठेवला होता. मलाही तो कबुलीजबाबच वाटला.

हौसाबाई हसल्या नाहीत. त्यांनी सरांना एकच मागितलं. संध्याकाळपर्यंत थांबा, तुमच्यासमोर म्हैस पिळून दाखवते, कासेतलं दूध तुमच्याच हाताने तपासा. मागणं अगदी रास्त होतं. शंका आली तर जनावर समोर पिळून घ्या, हे सर स्वतःच आम्हाला शिकवायचे. पण चालक हॉर्न वाजवत होता, दोन गावं राहिली होती, आणि नळी समोर गुलाबी होती. सर म्हणाले, "थांबायची गरज न्हाय. मीटर काय ते सांगंल."

डेअरीत मीटरने सांगितलं. सात पॉइंट एक. मीटरची आंघोळ झालेली होती. मी आकडा वहीत लिहिला, सरांनी खाली सही केली, दुसऱ्या दिवशी संस्थेला पत्र गेलं.

अशा संस्थांच्या दारात एक फळा असतो. दुधाचे दर, खाद्याची गाडी कधी येणार, असल्या गोष्टी त्यावर लिहितात. ज्याचं दूध बंद झालं, त्याचं नाव आणि कारणही तिथेच लिहायचा रिवाज होता. हौसाबाईंचं नाव लिहिलं गेलं, पुढे कारण. ते महिनाभर पुसलं गेलं नाही, हे आम्हाला फार उशिरा कळलं.

पावसाळा सरला. एके दिवशी आमच्याकडे नव्याने आलेले जनावरांचे डॉक्टर चार छोट्या बाटल्या घेऊन प्रयोगशाळेत आले. कुठल्या तरी दुसऱ्याच गावच्या एका म्हशीचं, चार सडांचं वेगवेगळं दूध. जरा बघून सांगा म्हणाले. सरांनी थेंब टाकले. दोन बाटल्या विटकरी, दोन गुलाबी.

"ह्या दोहोंत सोडा हाय," सर म्हणाले.

डॉक्टर हसायला लागले. म्हणाले, "सोडा कसा असेल सर? मी स्वतः कासेतून धार काढलीय. दगडी, म्हणजे कासेचा रोग आहे तिला. आतली. वरून कास सुजलेली दिसत नाही, पण आत बिघाड झाला की रक्तातले क्षार दुधात उतरतात. पीएच चढतो. चवीलासुद्धा खारट लागतं."

सर स्टुलावर बसले. सकाळच्या पाळीत ते बसलेले मी तोवर पाहिले नव्हते. डॉक्टर गेल्यावर त्यांनी मला उन्हाळ्याची वही काढायला लावली. मी पान उघडून पुढे ठेवलं. आकडा, त्याच्यापुढे माझ्या अक्षरात 'खारट', खाली त्यांची सही. त्यांनी बराच वेळ त्या एका शब्दावर बोट ठेवलं होतं.

"तिनं सांगितलंतं," ते म्हणाले. "जे डागदरानं आत्ता सांगितलं तेच तिनं तवा सांगितलंतं."

मी म्हटलं, पण सर, कदाचित तिने खरंच सोडा घातला असेल. हे मी त्यांच्यासाठी म्हणाले की माझ्यासाठी, मला आजही सांगता येणार नाही.

तो रविवार त्यांनी सोडला नाही. एसटीने एकटेच त्या गावाला गेले. हौसाबाईंच्या घरी न जाता आधी म्हशीची चौकशी केली. दूध बंद झाल्यावर बाईंनी म्हैस बाजारात विकली होती. घेणारा शेजारच्या गावचा. सर चालत त्या गावाला गेले. तो माणूस कुरकुरत होता, फसलो म्हणत होता. म्हैस आणून चार आठवडेही झाले नाहीत तोवर तिचा एक सड आटला, दुसऱ्यातून गाठी यायला लागल्या. सर सोमवारी आले तेव्हा मला फक्त एवढंच म्हणाले, "सोडा न्हवता."

त्यांनी मॅनेजरांकडे जीप मागितली. गावात जाऊन सगळ्यांसमोर सांगायचं होतं. मॅनेजर वाईट माणूस नव्हते. त्यांनी सरांना समजावलं. बाईंचं दूध उद्यापासून चालू करू, पत्रात काहीतरी तांत्रिक कारण घालू. पण उघड चूक कबूल केली तर ज्यांचं ज्यांचं दूध आजवर परत गेलं, ते सगळे उद्या फाटकावर येतील. खरोखर सोडा घालणारेही येतील. तुमच्या एका शब्दावर ही डेअरी चालते, तो शब्द मोडू नका. निवृत्तीला तुमची दोन वर्षं राहिलीत.

यातलं काहीच खोटं नव्हतं, हेच अवघड होतं. सर दोन दिवस थेंब मोजताना चुकत, पुन्हा पहिल्यापासून मोजत. तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज टेबलावर ठेवून गेले. मीही अर्ज ठेवला. त्यांनी नको म्हटलं. मी म्हटलं, आकडा माझ्या अक्षरात आहे.

पहिल्या एसटीने आम्ही गेलो. दूध घालायची रांग लागलेली होती. सरांनी तिथल्या सेक्रेटरीला सांगून हौसाबाईंना बोलावणं पाठवलं. त्या बराच वेळ आल्या नाहीत. माणसं दूध घालून घरी जायला लागली तसं सरांनी प्रत्येकाला हात जोडून जरा थांबायला सांगितलं. शेवटी त्या आल्या, रांगेपासून लांब, दाराच्या चौकटीपाशी उभ्या राहिल्या.

सर म्हणाले, "मंडळी, उन्हाळ्यात हौसाक्कांच्या दुधात सोडा हाय म्हणून मी सांगितलं. सोडा न्हवता. म्हशीला आतली दगडी हुती. त्या दूध खारट हाय म्हणाल्या, समोर पिळून दावते म्हणाल्या. मी थांबलो न्हाय. चूक मीटरची न्हाय, दुधाची न्हाय. माझी हाय."

एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "असू द्या साहेब. माणूस हाय, चुकतंय."

"तुमी असू द्या म्हणू नका," सर म्हणाले. "ते त्यास्नी म्हणू द्या."

सगळ्यांनी दाराकडे पाहिलं. हौसाबाई सरांकडे बघत होत्या. आवाज चढवला नाही, डोळ्यांत पाणीही नव्हतं.

"चारचौघांत सांगितलासा, बरं केलासा," त्या म्हणाल्या. "म्हस गेली ती गेली. पर माझ्या पोराला शाळंत सोडा म्हणून हाक मारत्यात. मास्तर बी एकदा चुकून म्हणलं. ते नाव कसं काढू, तेवढं सांगा."

सेक्रेटरी मध्येच म्हणाला, उद्यापासून दूध घाला, नवी म्हैस घ्यायला संस्था मदत करील. हौसाबाई म्हणाल्या, "म्हस मी घेईन. दूध हितं घालायची न्हाय." आणि निघून गेल्या.

परतताना एसटीत सर खिडकीशी बसले होते. गाव मागे पडल्यावर म्हणाले, "आजरेकर, आकडा खरा हुता. सात पॉइंट एक खराच हुता. म्हणून तर मी तिचं ऐकून घेतलं न्हाय."

मॅनेजर म्हणाले होते तसंच झालं. पुढच्या आठवड्यात फाटकावर माणसं यायला लागली. हवेतून सोडा पडला म्हणणारा सेक्रेटरीही आला, आमच्या दुधात बी तुमचं चुकलं असंल म्हणाला. टेम्पोवाले आडव्या रेघेवर वाद घालायला लागले. "नाक बी चुकतंय की सायेब कधी," असं एक जण तोंडावर म्हणाला. सरांनी क्यान खाली ठेवून त्याच्यासमोर पुन्हा तपासलं. असं रोज, प्रत्येकासमोर, न चिडता. दुपारी टेम्पो संपायचे ते आता संध्याकाळी संपत. दोन महिन्यांनी त्यांना प्रयोगशाळेतून काढून भांडारात बसवलं. बाटल्या, झाकणं, खाद्याची पोती. निवृत्त होईपर्यंत ते तिथेच होते. मी दुपारी जाऊन बसायचे. ते भांडाराबद्दल कधी तक्रार करत नसत, पण त्यांच्या खिशातलं कागदाचं पुस्तक मात्र तिथे मला कधी दिसलं नाही. जाण्याआधी त्यांनी एक नियम लेखी करून घेतला. सभासदाच्या दुधावर संशय आला तर जनावर समोर पिळून, चारही सडांचं वेगळं दूध तपासल्याशिवाय त्याचं नाव कुठेही लिहायचं नाही. त्या कागदासाठी ते मॅनेजरांच्या दाराशी किती वेळा उभे राहिले, ते मी मोजलं नाही. आज तो नियम आमच्याकडे इतका अंगवळणी पडलाय की नव्या मुलींना तो कायम असाच होता असं वाटतं.

निवृत्तीनंतर ते आपल्या गावी गेले. माझं लग्न झालं, मुलगी झाली, प्रयोगशाळेची जबाबदारी माझ्याकडे आली. पत्र लिहायची सवय दोघांनाही नव्हती. अधूनमधून कानावर यायचं की मगदूम केमिस्ट एसटीने गावोगाव फिरतात, गोठ्यात जाऊन म्हशींची दगडी तपासतात, कुणाकडून काही घेत नाहीत. काही लोक त्यांना वेडा म्हणत, हेही कानावर यायचं.

दोन हजार सालानंतर पाच-सहा वर्षांनी घडलेली गोष्ट. जनावरांच्या तपासणीसाठी डेअरीची गाडी त्याच गावात गेली होती. आम्ही गल्लीच्या तोंडाशी उतरलो तर पलीकडच्या गोठ्यात सर उकिडवे बसलेले. केस पूर्ण पांढरे झाले होते, खाकी शर्ट मात्र तसाच होता. पुढे एक लाकडी फळी, तिला चार वाट्या ठोकलेल्या. एका मुलीला ते शिकवत होते. आधी सड धुवायचे, पहिली धार जमिनीवर सोडायची, मग एकेका सडाची धार एकेका वाटीत आणि प्रत्येक वाटीत कागदाची पट्टी. एका पट्टीचा रंग वेगळा आला तर दूध फेकायचं नाही, जनावराला बोलायचं नाही, डॉक्टरला बोलवायचं. मला बघून ते उठले नाहीत. "आलीस व्हय," एवढंच म्हणाले आणि चारी वाट्या होईपर्यंत धारा मोजत राहिले.

मी गाडी पुढे पाठवली आणि त्यांच्याबरोबर चालत निघाले. दर महिन्याला या गावात येतो म्हणाले. हौसाबाईंचा मुलगा इचलकरंजीला बापासोबत यंत्रमागावर कामाला लागलाय, तिथे त्याला त्याच्या खऱ्या नावानेच हाक मारतात, हेही त्यांनी सांगितलं. कुठून कळलं, ते मी विचारलं नाही.

चालता चालता ते एका कुंपणाशी थांबले. आत गोठ्यात एक म्हैस आणि तिच्याजवळ पाठमोऱ्या हौसाबाई. दूध त्या अजूनही संस्थेत घालत नव्हत्या, परस्पर हॉटेलला देत होत्या. सर कुंपणाच्या बाहेरच उभे राहिले. फळी काखेत धरली होती.

"अक्का, बघू का?"

हौसाबाईंनी मागे वळून पाहिलं नाही. धारेचा आवाज थांबला नाही. जरा वेळाने म्हणाल्या, "आज न्हाय."

सर बरं म्हणाले आणि पुढे निघाले. मला त्यांच्याकडे बघवेना. दहा-बारा पावलं गेल्यावर तेच थांबले.

"ऐकलंस?" त्यांनी विचारलं.

"हो सर."

"आजपतोर नुसतं न्हाय म्हणत हुती."

एवढं बोलून ते पुढच्या गोठ्यात शिरले, बादलीत हात धुतले, आणि म्हशीच्या पाठीवर तळवा ठेवून तिला त्यांची सवय होईपर्यंत तसेच उभे राहिले.